न हलणारे दोन ठिपके

"हे बघा बाबा, हे आपलं घर," म्हणत क्षितिजानं लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं. कृष्णकांत पिसाळ इतके जवळ झुकले की त्यांच्या श्वासानं पडदा धुरकटला.

घर होतं खरं. मनीमाजऱ्याकडची त्यांची निर्भय विहार सोसायटी, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्यांसकट. तळमजल्याचं कोपऱ्यातलं घर, पुढचा ओटा, मागची भिंत आणि भिंतीपलीकडचा चो. चो म्हणजे ओढाच. वर्षातला बहुतेक काळ गोटे आणि कचरा मिरवत कोरडा पडलेला असायचा. पण पाऊसकाळात सुखना तलाव भरला आणि दरवाजे उघडले की अंगात आल्यासारखा धावायचा.

"तुळस दिसत नाही," कृष्णकांत म्हणाले.

"तुळस नाही टाकत आम्ही त्यात."

"मग आपलं घर कशावरून?"

"बाबा, यार, मी काय दाखवतेय ते बघा ना!"

तिनं एक कळ दाबली. चोचं पाणी पडद्यावर निळं होऊन फुगलं, भिंत ओलांडून आत आलं. घराघरांतून हिरवे ठिपके बाहेर पडले आणि सोसायटीच्या हॉलच्या जिन्यानं गच्चीवर चढले. निळाई ओट्यावर आली, उंबऱ्यावर आली, आत गेली. कोपऱ्यातल्या घरात दोन ठिपके शेजारी शेजारी तसेच होते. हलले नाहीत. मग लाल झाले.

ते कोण, हे विचारायची गरज नव्हती.

क्षितिजा आयटी पार्कातल्या एका कंपनीत होती. तिथं ते शहराचं जुळं तयार करत होते. डिजिटल ट्विन म्हणायचे त्याला. रस्ते, नाले, उतार, जिने, घरं आणि घरातली माणसंसुद्धा, सगळं जसंच्या तसं संगणकात. मग त्या जुळ्यावर पूर आणायचा, भूकंप आणायचा. कुठं पाणी तुंबतं, कोण अडकतं ते बघायचं आणि त्यावरून इथल्या खऱ्या शहराची तजवीज करायची. "तिथं आधी बुडवून बघायचं, म्हणजे इथं कुणी बुडत नाही," असं तिनं सोपं करून सांगितलं होतं.

पलंगावर शेंगा सोलत बसलेल्या कांचननं मान वर केली होती. "जुळं? कुणाला झालं गं?"

"आई, शहराचं जुळं. कॉम्प्युटरमध्ये."

"आणि त्याच्या आईला ठावं हाय का, तिचं लेकरू पान्यात घालताय ते?"

क्षितिजा हसली होती. कृष्णकांत हसले नव्हते. हल्ली कांचनचं कुठलं बोलणं भरकटलेलं आणि कुठलं नेमक्या जागी लागणारं, हे त्यांना कळेनासं झालं होतं. तीन वर्षं झाली, तिच्या डोक्यातले एकेक दिवे विझत चालले होते. आधी नावं गेली, मग वार गेले, मग लेक आणि नणंद यांतला फरक गेला. पण या घरात ती डोळे मिटूनही चालायची. डब्यात डाळ कुठं, देव कुठं, मोरीचा नळ कुठल्या बाजूला फिरतो, ते हातापायांना पाठ होतं. गेल्या हिवाळ्यात क्षितिजाच्या मोहालीतल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटवर चार दिवस नेली, तर स्वैपाकघर शोधत फिरली. शेवटी काचेच्या गॅलरीत उभी राहून लहान मुलीसारखी रडली. लुगडं ओलं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जागा बदलू नका. आहे तेवढं या जागेला धरून आहे.

"जितक्यांदा चालवलं, तितक्यांदा हेच येतं," क्षितिजानं लॅपटॉप मिटला. "आईला समजावून बाहेर काढेपर्यंत पाणी दारात येतं. आणि तुम्ही तिला सोडून निघत नाही."

"सोडून निघेन असं लिहायचं होतंस की."

"कसं लिहू, बाबा? खोटं कसं लिहू?"

तिनं लॅपटॉप पिशवीत सरकवला. मग म्हणाली, "रविवारी तुमच्या सोसायटीत ड्रिल आहे. सायरन झाला की सगळ्यांनी गच्चीवर. तुम्ही आईला घेऊन वेळेत पोचलात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. पक्का. नाही पोचलात, तर दसरा झाला की दोघांनी माझ्याकडे यायचं. कायमचं."

"ठरलं," कृष्णकांत म्हणाले. हवाई दलात आयुष्य काढलेला, इंजिनांच्या पोटात हात घालून बसणारा फिटर होता तो. कवायतीला कोण भितो?

भ्यायला झालं दुसऱ्याच दिवशी, सराव सुरू केल्यावर. "ऊठ" म्हटलं की कांचन बसायची. "चल" म्हटलं की म्हणायची, "तुमी व्हा म्होरं." हात धरला की हात काढून घ्यायची. एकदा त्यांचा आवाज चढला तर तिनं परक्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि विचारलं, "तुमच्या घरच्यांना ठावं हाय का, बायामानसांवर असं वरडता ते?"

वाट सापडली ती नकळत. गेटाशी कुणाचा तरी सामानाचा ट्रक लागला होता. कृष्णकांत खिडकीतून बघत सहज बोलले, "गाडी आली वाटतं."

कांचन उठली. गॅस बघितला. देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण पितळी डबीत घालून डबी पिशवीत टाकली. पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली. "आवं, चला की. डायवर खोळंबलाय."

कृष्णकांत तिच्याकडं बघतच राहिले. जोधपूर, तेजपूर, आदमपूर, अंबाला. दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम यायचा, ट्रक दारात लागायचा आणि वाईकडची ही पोरगी तक्रारीचा एक शब्द न काढता मांडलेला संसार पेट्यांत भरायची. दिवे विझले होते सगळे, पण हा एक अजून जळत होता.

तेव्हापासून रोज सकाळी ते दारातून म्हणायचे, "कांचन, गाडी आली." आणि ती निघायची. ओटा उतरायची, अंगण ओलांडायची, हॉलचा जिना चढायची. चढताना दम लागू नये म्हणून जात्यावरच्या चालीत गुणगुणायची. आईची चाल, पण शब्द तिचे स्वतःचे, कुठल्याशा क्वार्टरमध्ये जुळवलेले.

*गाव बदललं बाई, नाही बदलली चूल*
*जिथं थांबली गं गाडी, तिथं लावियलं फूल*

गच्चीवर पोचल्यावर इकडं तिकडं बघायची. समोर शिवालिकच्या टेकड्या, खाली कोरडा चो. "बरी हाय जागा," म्हणायची रोज. "पानी कुठनं आनायचं?"

शेजारचे ग्रेवाल, निवृत्त सुभेदार, ओट्यावर दाढी विंचरत हे रोजचं संचलन बघायचे. "पिसाल साब, भाभीजी को तो परेड में फर्स्ट प्राइज़ मिलेगा. आपका पता नहीं!"

"हम तो कमांडर हैं जी. कमांडर को प्राइज़ नहीं मिलता."

"कमांडर ही तो फेल होता है, बादशाहो!" ग्रेवाल खदखदून हसायचे.

रविवार उजाडला. सप्टेंबर उतरत आलेला, पण उकाडा गेला नव्हता. स्वयंसेवकांनी घरोघरी गळ्यात अडकवायचे चपटे बिल्ले दिले. कोण कुठं आहे ते त्या बिल्ल्यांमुळं क्षितिजाला पडद्यावर दिसणार होतं. कांचननं बिल्ला उलटसुलट करून बघितला. "ह्यात काय हाय?"

"आपण आहोत," कृष्णकांत म्हणाले.

"एवढ्यात मावलो?"

क्षितिजा लॅपटॉप घेऊन गच्चीवर निघाली. जाताना तिनं बापाकडं बघितलं. तिलाही ते जिंकावेत असंच वाटत होतं, हे तिच्या तोंडावर उघड दिसत होतं. कृष्णकांतांनी अंगठा उंचावला. बूट घातले, नाड्या बांधल्या. कांचनला खुर्चीत बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर दिली. दाराची कडी काढून ठेवली. सगळं जिथल्या तिथं होतं.

आणि गेटाशी सायरन वाजला.

खालून वर चढत गेला, टोकाला थरथरला, खाली आला, पुन्हा चढला. कृष्णकांतांनी तोंड उघडलं ते "गाडी आली" म्हणायलाच. म्हटलंही असेल. पण त्या आवाजानं त्यांच्या पोटात कुणीतरी हात घातला आणि जुनी कळ फिरवली. पाय दाराकडं निघाले होते, ते वळले. हात मेन स्विचकडं गेला. पंखा घरघरत थांबला. पडदे ओढले, एक, दुसरा, स्वैपाकघरातला. फट राहिली होती तिथं टॉवेल कोंबला. उजेड बाहेर जाता कामा नये. उजेड दिसला तर विमानांची सगळी लाईन जाईल. आतल्या बोळात, दोन भिंतींच्या मधे, ते गुडघ्यांवर आले, मग पोटावर. फरशी गालाला गार लागली.

"डाउन! सब डाउन!" ते ओरडले. "नायर, ट्रॉली छोड़! छोड़ उसको!"

कुणी उत्तर दिलं नाही. धावपट्टीवरचा जोडीदार नायर कुठं गेला? आणि बायको? बायको क्वार्टरमध्ये असेल, पलंगाखाली, पोरीला कवटाळून. पोर तान्ही होती. का शाळेत जात होती? का कामाला लागली होती ती? सायरन थांबला. नंतरची शांतता त्यांच्या ओळखीची होती. त्या शांततेत विमानाचा आवाज कान देऊन ऐकायचा असतो. त्यांनी कान दिला. ऐकू आली ती बुलबुलाची टकळी आणि कुठल्याशा घरातली कुकरची शिट्टी.

कुकर? धावपट्टीवर?

ते उठून बसले. अंधार होता, पण काळोख नव्हता. पडद्यांच्या कापडातून पिवळट ऊन झिरपत होतं. ही कुठली जागा? भिंतीवर कॅलेंडर होतं, पण त्यावरचं साल वाचून काहीच उलगडेना. समोरची खुर्ची रिकामी होती. खुर्चीत कुणीतरी बसायचं होतं, एवढं आठवलं.

"कांचन?" मोरीत बघितलं. "कांचन!" पलंगाखाली वाकून बघितलं. हाका मारताना त्यांना आपला स्वतःचा आवाज कुण्या हरवलेल्या माणसाचा वाटला. दार सताड उघडं होतं. बाहेर इतकं ऊन होतं की उंबऱ्यापलीकडं जग नसल्यासारखं दिसत होतं. त्यांना बाहेर जायचं होतं. जायचं का नसतं, तेच कळत नव्हतं. ऑल क्लियरचा भोंगा वाजलेला नव्हता.

त्या उजेडातून ती आत आली. पिशवी खांद्याला, पदर खोचलेला, दम लागलेला.

"आवं, सगळी चढली गाडीत. तुमी कुठं ऱ्हायला?"

कृष्णकांत बोळाच्या तोंडाशी बसले होते, पाठ भिंतीला, गुडघे छातीशी. कांचननं त्यांच्याकडं बघितलं, ओढलेल्या पडद्यांकडं बघितलं, फटीत कोंबलेला टॉवेल बघितला. काय उमगलं, तिचं तिला माहीत. तिनं पिशवी खाली ठेवली, आत वळून दार लोटलं आणि शेजारी फरशीवर बसली. पदर सोडून त्यांच्या डोक्यावरून घेतला. अगदी हळू आवाजात तिनं चाल धरली.

*भोंगा वाजला वाजला, दिवा झाकिते पदरी*
*माझ्या कुंकवाचा धनी, उभा इमानाशेजारी*

"जाईल हां," ती म्हणाली. "सकाळ झाली की जाईल समदं."

सकाळच होती.

थोड्या वेळानं दारावर थाप पडली. क्षितिजा आत आली, मागं दोन स्वयंसेवक आणि ग्रेवाल. तिनं पडदा सारला. आई-बाप बोळात एका पदराखाली बसलेले बघून ती जागच्या जागी थांबली. मग पहिल्यांदा जे बोलायचं ठरवलं असेल ते सोडून भलतंच बोलली.

"बाबा, ऐका, टेन्शन घेऊ नका. ड्रिल फसलंच. अर्धी सोसायटी बाहेरच आली नाही."

"हम तो परदे के पीछे थे जी!" ग्रेवाल ओशाळं हसत म्हणाले. "मैं, मेरी घरवाली, कुत्ता भी! मई में हफ्ता भर यही तो सिखाया था, सायरन बजा, लाइट बंद, अंदर बैठो. अब बोलते हैं सायरन बजा, बाहर भागो. बंदा करे तो क्या करे?"

एक स्वयंसेवक कपाळ चोळत होता. सरहद्द तापली होती त्या मे महिन्यात शहरानं हा आवाज रात्रीमागून रात्री अंधारात बसून ऐकला होता. जुळ्या शहरातल्या ठिपक्यांनी तो ऐकला नव्हता. ते बिचारे सायरन झाला की शहाण्यासारखे जिना चढत होते. इथली खरी माणसं मात्र पलंगाखाली सरपटली होती.

"चूक आमची आहे," क्षितिजा म्हणाली. "पुराला हा आवाजच नको. लाउडस्पीकरवरून बोलून सांगायला हवं. पुन्हा घेऊ ड्रिल. आजचं धरायचंच नाही." ती बापासमोर गुडघ्यांवर बसली. "ऐकलंत ना? तुमचं काही चुकलं नाही. सगळ्यांनी तेच केलं."

म्हणजे सुटका होती. कृष्णकांतांना ती समोर दिसत होती, उघड्या दारासारखी. नुसती मान हलवायची. ग्रेवालांबरोबर हसायचं, चहा टाकायचा. घर राहिलं असतं, कांचनच्या हातापायांना पाठ असलेलं. निदान पुढच्या ड्रिलपर्यंत तरी.

"कांचनचा ठिपका दाखव," ते म्हणाले.

"बाबा, आता कशाला?"

"दाखव."

तिनं लॅपटॉप उघडला. मघाचाच खेळ पुन्हा चालवला. सायरनबरोबर कोपऱ्यातल्या घरातून एक ठिपका निघाला. अंगण ओलांडून, जिन्यानं, सगळ्यांच्या आधी गच्चीवर पोचला. तिथं जरा थांबला. मग माघारी फिरला. जिना उतरला, वर चढणाऱ्या थोड्याशा ठिपक्यांच्या मधून उलटा खाली आला, आणि घरात शिरून दुसऱ्या ठिपक्याला चिकटला.

"मी तिला धरायला उठले होते," क्षितिजाचा आवाज बारीक झाला. "पण ती इतकी ठरवून चालली होती, की मला वाटलं... आमच्या मॉडेलमध्ये कुणी परत खाली येतच नाही, बाबा. तसं आम्ही कुणाला शिकवलेलंच नाही."

कृष्णकांतांनी पडद्यावरच्या त्या चिकटलेल्या जोडीकडं बराच वेळ बघितलं.

"ग्रेवाल पडद्यामागं बसला," ते म्हणाले, "तेव्हा त्याला ठाऊक होतं की तो मनीमाजऱ्यात बसलाय."

"म्हणजे?"

"मी लढाईतल्या आदमपुरात होतो, क्षिती."

ग्रेवालांना मराठी कळत नव्हतं, पण गावाचं नाव कळलं. त्यांचं हसू विरलं. स्वयंसेवकांना हळूच खूण करून ते त्यांना ओट्यावर घेऊन गेले.

"असं होतं कधीकधी," क्षितिजा घाईघाईनं म्हणाली. "आवाज ऐकला की. फौजी माणसांना होतं."

"असंल. पण पहिलीच वेळ नाही." ते शब्द शोधत बोलत होते. "मागल्या महिन्यात दूध आणायला गेलो आणि परतताना क्वार्टर नंबर शोधत बसलो. कुठला नंबर, ते नाही आठवत. ग्रेवालनं आणून सोडलं. मी म्हटलं, चक्कर आली. असंल तेही, चक्करच असंल. मलाच काय ते नीट कळत नाही, पोरी. हिला इसर पडतो ते मला दिसतं. माझं कोण बघणार?"

क्षितिजानं लॅपटॉप हळूच मिटला.

"तुझ्या त्या जुळ्यात आईच्या ठिपक्याला मदत लागते असं लिहिलंयस ना? ते तिच्यावरनं काढ. माझ्यावर घाल."

"आणि घर? आईला तिकडं नाही करमणार. तुम्हीच म्हणत होता. डॉक्टरसुद्धा..."

"नाहीच करमणार," कृष्णकांत म्हणाले. "स्वैपाकघर शोधंल. रडंल. पण पाण्यातनं माघारी येईल ती, मला न्यायला. आज आली तशी. तेवढं नको. दसरा झाला की गाडी पाठव."

क्षितिजानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग ती उठली. मेन स्विच लावला. पंखा फिरायला लागला.

कांचन मधेच कधीतरी उठून आत गेली होती. ती वाटीत दही घेऊन बाहेर आली. माणसं दाराशी उभी दिसली की कुणीतरी निघालंय, एवढं तिला अजून कळायचं. तिनं क्षितिजाचा हात ओढून तळव्यावर दह्याची कवडी ठेवली. मग ओट्यावर जाऊन ग्रेवालांच्या, दोन्ही स्वयंसेवकांच्या. ती परक्या मुलखातली पोरं गोंधळून हाताकडं बघत राहिली. "चाट लो, चाट लो," ग्रेवाल त्यांना म्हणाले. "शगुन है." बिल्ले गोळा झाले, माणसं पांगली. क्षितिजा लॅपटॉप छातीशी धरून गेटाकडं निघाली, आणि गेटाशी पाठमोरीच थांबून राहिली.

वाटीत थोडं उरलं होतं. कांचन कृष्णकांतांसमोर आली.

"हात करा."

"मी कुठं चाललोय?"

"मला काय ठावं?" तिनं त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. "पन निघालाय खरं. दिसतंय की तोंडावर."

त्यांनी हात पुढं केला. इंजिनांच्या तेलानं कधीकाळी काळ्या पडलेल्या, आता पांढुरक्या झालेल्या तळव्यावर तिनं दही ठेवलं, बोटानं जरा सारखं केलं.

"येतो म्हना."

कृष्णकांतांनी दही तोंडात घेतलं. आंबट होतं, कालचं असावं.

"येतो," ते म्हणाले.

कांचननं पदराच्या टोकानं त्यांचा तळवा पुसला. आधी मधला भाग, मग एकेक बोट.